आरटीओतील नोंद आणि घराचा अर्ज : गाडीची माहिती गृहनिर्माण यंत्रणेकडे जाते तेव्हा

सरकारच्या एका खात्याकडे आपल्या गाडीची नोंद असते आणि दुसऱ्या खात्याकडे आपण घरासाठी अर्ज केलेला असतो. दोन्ही खाती सरकारचीच असल्यामुळे पहिल्याने दुसऱ्याला माहिती दिली तर त्यात बिघडले काय, असे कोणालाही वाटणे साहजिक आहे. पुण्यात हा प्रश्न अधिक टोकदार होतो, कारण परवडणाऱ्या घरांची संख्या थोडी आणि अर्जदार पुष्कळ असतात. सोडत निघाली की ज्यांच्या दारात मोटार उभी असते त्यांनाच घर कसे मिळाले, ही कुरबुर ठरलेलीच असते. त्यामुळे घराच्या अर्जदारांची यादी आरटीओच्या नोंदींशी ताडून पाहावी, ही सूचना ऐकताक्षणी पटते. ती पूर्णपणे चुकीची आहे असे माझे म्हणणे नाही. मात्र ताडून पाहणे म्हणजे नेमके काय करणे, त्यातून काय कळते आणि काय कळत नाही, आणि कायदा त्याला किती वाव देतो, हे समजून घेतल्याशिवाय त्या सूचनेला होकार देणे धोक्याचे आहे.

सुरुवात नियमांपासून करावी लागते, कारण कोणती माहिती मागायची हे नियमावरून ठरते. पुण्यात सर्वसामान्य माणसाला घर मिळण्याचे सरकारी मार्ग मुख्यतः तीन आहेत. पहिला महापालिकेमार्फत राबवली जाणारी प्रधानमंत्री आवास योजना, जिच्यातून हडपसर, खराडी आणि वडगाव खुर्द येथे इमारती उभ्या राहिल्या. दुसरा म्हाडाच्या पुणे मंडळाची सोडत. तिसरा पुणे आणि पिंपरी-चिंचवडसाठी २००५ मध्ये स्थापन झालेले झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, ज्याला सगळे ‘एसआरए’ म्हणतात.

प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागात, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासून सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यात, वार्षिक उत्पन्न तीन लाखांपर्यंत असेल तर कुटुंब आर्थिक दुर्बल गटात बसते, सहा लाखांपर्यंत असेल तर अल्प उत्पन्न गटात आणि नऊ लाखांपर्यंत असेल तर मध्यम उत्पन्न गटात. शिवाय देशात कुठेही पक्के घर नसावे, अशी अट आहे. म्हाडाच्या सोडतीतही उत्पन्न गट आणि स्वतःचे घर नसणे याच मुख्य कसोट्या आहेत. एसआरएमध्ये तर उत्पन्नाचाही प्रश्न येत नाही. तेथे झोपडीत कधीपासून राहता हे पाहिले जाते : १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य सिद्ध झाले तर घर मोफत आणि त्यानंतरचे परंतु १ जानेवारी २०११ पूर्वीचे असेल तर सशुल्क.

या तिन्ही ठिकाणी ‘अर्जदाराकडे मोटार नसावी’ अशी स्वतंत्र अट नाही. याचा अर्थ असा की गाडीची नोंद सापडली म्हणून अर्जदार अपात्र ठरत नाही. फार तर, उत्पन्न तीन लाख दाखवले आहे आणि दीड वर्षापूर्वी पंधरा लाखांची गाडी घेतली आहे, हे कसे, एवढी शंका अधिकाऱ्याला घेता येते. एसआरएच्या बाबतीत ती शंकाही अप्रस्तुत ठरते, कारण झोपडीत वीस-पंचवीस वर्षे राहणाऱ्या माणसाने गाडी घेतली तरी त्याचे वास्तव्य खोटे ठरत नाही. जनता वसाहत किंवा ताडीवाला रस्ता यांसारख्या पुण्यातील झोपडपट्टीत राहणाऱ्याने चारचाकी घेऊच नये, ही आपल्या मनातली अपेक्षा आहे, कायद्यातली नाही.

जेथे नियमातच वाहन येते तेथे चित्र वेगळे असते. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेच्या २०२४ च्या अटींमध्ये कुटुंबातील सदस्याच्या नावावर ट्रॅक्टर वगळून चारचाकी वाहन नोंदलेले नसावे, असे स्पष्ट लिहिलेले होते. त्यामुळे २०२५ च्या सुरुवातीला परिवहन विभागाकडील नोंदी लाभार्थींच्या यादीशी जुळवण्यात आल्या आणि अंगणवाडी सेविकांना घरोघर पाठवून खातरजमा करण्याचे काम झाले, तेव्हा निदान विचारलेला प्रश्न नियमाला धरून होता. आवास योजनेच्या ग्रामीण भागातही यांत्रिक तीनचाकी किंवा चारचाकी वाहन असलेले कुटुंब वगळले जाते. पूर्वी दुचाकीसुद्धा या यादीत होती, ती २०२४ मध्ये काढण्यात आली. मोटरसायकल ही चैन राहिलेली नाही हे सरकारला कळायला बराच वेळ लागला, एवढेच म्हणायचे. रिक्षा अजूनही त्या यादीत आहे, आणि ज्याचे पोट रिक्षावर चालते त्याच्यासाठी ती संपत्ती समजायची की अवजार, हा वाद मिटलेला नाही.

गाडीच्या नोंदीत काय असते

आपण ज्याला आरसी बुक म्हणतो ते आता एका मोठ्या संगणकीय नोंदवहीचे दृश्य टोक आहे. या नोंदवहीचे नाव ‘वाहन’. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ती उभी केली आणि देशभरातील परिवहन कार्यालये त्यावर काम करतात. पुण्याचे एमएच-१२ आणि पिंपरी-चिंचवडचे एमएच-१४ या दोन्ही कार्यालयांच्या नोंदी तेथेच आहेत. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मध्ये २०१९ साली दुरुस्ती होऊन कलम ६२ ब आले आणि मोटार वाहनांच्या राष्ट्रीय नोंदवहीला थेट कायद्याचा आधार मिळाला.

या नोंदीत मालकाचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, पत्ता, मोबाइल क्रमांक, गाडीचा प्रकार, बनावट, इंधन, चासी व इंजिन क्रमांक, नोंदणीची तारीख, विमा, पीयूसी आणि कर्ज असल्यास कोणाचा बोजा आहे, हे सारे असते. मालकाचे उत्पन्न त्यात नसते. त्याच्या कुटुंबात कोण कोण आहे हे नसते. गाडी आज प्रत्यक्ष कोण चालवतो, ती कुठे उभी असते, ती अस्तित्वात तरी आहे का, हेही नसते. ही नोंदवही गाडीभोवती रचलेली आहे. तिचा हेतू रस्त्यावरील प्रत्येक वाहनाला जबाबदार असा एक माणूस शोधता यावा, हा आहे. घराच्या योजनेची यादी मात्र कुटुंबाभोवती रचलेली असते. एकीत ‘मालक’ हा घटक आहे आणि दुसरीत ‘कुटुंब’, आणि या दोहोंना जोडणारा धागा दोन्हीकडे सारखाच सापडेल याची खात्री नसते. पुढच्या बहुतेक अडचणी येथूनच निघतात.

सर्वांत मोठी अडचण विकलेल्या गाड्यांची आहे. कायद्याप्रमाणे गाडी विकणाऱ्याने राज्यांतर्गत विक्री असेल तर चौदा दिवसांत आणि राज्याबाहेर असेल तर पंचेचाळीस दिवसांत कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत. प्रत्यक्षात काय होते हे पुण्यात जुनी गाडी विकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. मालकी बदलण्याच्या ‘टीटी’ फॉर्मवर सह्या होतात, पैसे हातात येतात, गाडी एजंटाकडे जाते, एजंटाकडून तिसऱ्याकडे जाते आणि तिसरा चौथ्याला विकतो. नावावर मात्र पहिल्याच्याच राहते. पहिल्याला हे कळते ते दुसऱ्याच शहरातल्या सिग्नलचे ई-चलान त्याच्या मोबाइलवर येते तेव्हा. भंगारात काढलेल्या गाड्यांचे असेच. मंगळवार पेठेतील जुन्या बाजाराच्या आसपास सुटे भाग होऊन विकली गेलेली मोटार कागदावर वर्षानुवर्षे जिवंत राहू शकते, कारण नोंदणी रद्द करून घेण्याचा खटाटोप करण्यात मालकाला काही फायदा दिसत नाही. मालक वारला तर वारसांनी गाडी नावावर करून घ्यायची असते. तेही राहून जाते आणि मृत व्यक्तीच्या नावावर गाडी चालत राहते.

दुसरी अडचण गाडीच्या प्रकाराची. ‘चारचाकी’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पांढरी मोटार येते, परंतु मार्केट यार्डातून पहाटे भाजी उचलून उपनगरात विकणाऱ्याचा छोटा हत्तीही चारचाकीच असतो. टूरिस्ट परवान्यावरची, पिवळ्या पाटीची गाडी चारचाकी असते आणि बहुतेक वेळा तिच्यावर बँकेचा बोजा असतो. म्हणजे नोंदवहीत जो मालक दिसतो त्याच्या हाती मालमत्तेपेक्षा हप्तेच अधिक असतात. नोंदीतील वाहनप्रकाराचा रकाना वाचला तर हा फरक कळतो. पण यादी मागवणाऱ्याने फक्त ‘चारचाकी : आहे किंवा नाही’ एवढेच मागवले असेल तर भाजीवाला आणि महागडी गाडी घेणारा एकाच ओळीत उभे राहतात. याच्या उलट प्रकारही घडतो. ज्याला आपली ऐपत दडवायची आहे तो गाडी भावाच्या, सासऱ्यांच्या किंवा भागीदारी पेढीच्या नावावर घेतो आणि तपासणीत निर्मळ ठरतो. म्हणजे ही चाळणी प्रामाणिक परंतु बेफिकीर माणसाला अडवते आणि सावध लबाडाला सोडते. हा दोष तंत्रज्ञान सुधारून जाणारा नाही.

तिसरी अडचण पत्त्याची. कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलला तर तीस दिवसांत कळवायचे असते. भाड्याच्या खोल्या दर अकरा महिन्यांनी बदलणारा माणूस ते करत नाही. पुनर्वसन प्रकल्पात सापडलेले कुटुंब झोपडीतून संक्रमण शिबिरात, तेथून भाड्याच्या घरात आणि मग नव्या इमारतीत जाते, तेव्हा त्याच्या गाडीच्या नोंदीवर कोणता पत्ता असेल हे सांगता येत नाही. त्यातच वस्त्यांमधील पत्ते सर्वे नंबर, गल्ली नंबर, मंदिराजवळ, शाळेमागे अशा भाषेत लिहिलेले असतात. एकाच सर्वे नंबरवर शेकडो घरे असू शकतात, आणि तो नंबर जुळला म्हणून कुटुंब जुळले असे मानणे हास्यास्पद आहे.

नाव जुळणे आणि माणूस जुळणे

दोन याद्या जुळवण्याचे काम संगणक करतो, पण काय जुळले म्हणजे जुळले म्हणायचे हे माणूस ठरवतो. दोन्हीकडे एकच खात्रीचा क्रमांक असेल तर काम सोपे होते. तो नसेल तेव्हा नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, जन्मवर्ष, पत्ता आणि मोबाइल क्रमांक अशा तुकड्यांवरून अंदाज बांधावा लागतो. मराठी नावे रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिली जातात. एका अर्जात वडिलांचे नाव पूर्ण असते, दुसऱ्यात केवळ आद्याक्षर. लग्नानंतर आडनाव बदललेले असते किंवा एकीकडे बदललेले आणि दुसरीकडे तसेच राहिलेले असते. नियम कडक ठेवला तर खरी जुळणारी माणसे निसटतात. सैल ठेवला तर न जुळणारी माणसे जाळ्यात येतात. जाधव, शिंदे, गायकवाड, शेख ही आडनावे पुण्यात किती घरांत आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला सैल नियमाचे परिणाम वेगळे सांगायला नकोत.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे, कारण ‘नव्याण्णव टक्के अचूक’ या शब्दांनी पुष्कळांची फसगत होते. समजा, दहा हजार अर्जदार आहेत आणि त्यांपैकी दोनशे जणांच्या नावावर खरोखर मोटार आहे. जुळवणीची पद्धत या दोनशेंपैकी नव्वद टक्के, म्हणजे एकशे ऐंशी जणांना शोधते. उरलेल्या नऊ हजार आठशे निर्दोष अर्जदारांच्या बाबतीत ती फक्त एक टक्का वेळा चुकते, म्हणजे अठ्ठ्याण्णव जणांच्या नावापुढे चुकून खूण होते. आता अधिकाऱ्याच्या टेबलावर २७८ नावांची यादी येते. त्यांतील ९८ नावे चुकीची आहेत, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून अधिक. पद्धत नव्याण्णव टक्के अचूक असूनही खूण झालेल्या दर तिघांपैकी एकाहून अधिक माणूस निर्दोष निघतो, कारण निर्दोष माणसांची मूळ संख्याच प्रचंड आहे. हे आकडे केवळ समजण्यासाठी घेतलेले आहेत. पण अपात्र माणसे थोडी आणि पात्र माणसे पुष्कळ असतील तेथे गणिताचा कल असाच राहतो. म्हणून जुळवणीतून निघालेली यादी ही चौकशी कोणाची करायची याची यादी असते. तिला निकालाची यादी मानले की अन्याय सुरू होतो.

तेलंगणातील अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. तेथे ‘समग्र वेदिका’ नावाची प्रणाली वेगवेगळ्या सरकारी नोंदवह्या, त्यांत वाहनांच्या नोंदीही, एकत्र करून कुटुंबाची ऐपत ठरवत असे, आणि तिच्या आधारे शिधापत्रिका रद्द होत. हैदराबादेतील एका विधवा महिलेचे प्रकरण वृत्तपत्रांतून गाजले : तिचा दिवंगत पती सायकलरिक्षा ओढत असे, परंतु नावसाधर्म्यामुळे संगणकाने त्याला मोटारमालक ठरवले आणि कुटुंबाचे धान्य बंद झाले. रद्द झालेल्या शिधापत्रिकांची प्रत्यक्ष फेरतपासणी करण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये राज्याला सांगितले. आधी रद्द आणि मग तपासणी, हा क्रम उलटा होता, आणि तो सरळ करण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

कायदा काय म्हणतो

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. सरकारला या हक्कात हात घालायचा असेल तर त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. वाहनांच्या नोंदींना ही कसोटी लावली तर अपात्र माणसाला अनुदानित घर मिळू नये हा हेतू नक्कीच योग्य ठरतो. कायद्याचा आधार आहे की नाही, हे त्या त्या योजनेच्या नियमांवर आणि दोन खात्यांमधील लेखी आदेशावर अवलंबून राहील. प्रमाणाच्या मुद्द्यावर मात्र बहुतेक प्रस्ताव अडखळतात, कारण दहा हजार अर्जदारांची खातरजमा करण्यासाठी संपूर्ण जिल्ह्यातील वाहनमालकांची यादी मागवणे हे कोणत्याही मापाने प्रमाणात बसत नाही.

त्यानंतर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतील, अशी रचना आहे. या कायद्याचे कलम ७ आपल्या विषयाच्या गाभ्याशी आहे. अनुदान, लाभ, सेवा, दाखला किंवा परवाना देण्यासाठी सरकार नागरिकाची नव्याने संमती न घेता त्याची माहिती वापरू शकते, जर त्याने पूर्वी अशाच एखाद्या लाभासाठी संमती दिलेली असेल किंवा ती माहिती केंद्र सरकारने अधिसूचित केलेल्या सरकारी नोंदवहीत असेल. म्हणजे ‘माझी परवानगी न घेता आरटीओने माहिती कशी दिली’ हा आक्षेप प्रत्येक वेळी टिकणार नाही. मात्र हा वापर आवश्यक तेवढ्याच माहितीपुरता असावा, माहिती अचूक ठेवण्याचा प्रयत्न व्हावा आणि गरजेपेक्षा अधिक काळ ती साठवू नये, अशी बंधने नियमांनी घातली आहेत. कलम ८ हे त्याहून थेट आहे : ज्या माहितीवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय होणार आहे किंवा जी माहिती दुसऱ्या संस्थेला दिली जाणार आहे, ती पूर्ण, अचूक आणि सुसंगत असल्याची खात्री करणे बंधनकारक आहे. वर सांगितलेली विकलेल्या गाड्यांची स्थिती पाहता हे बंधन किती जड आहे हे लक्षात येईल.

या कायद्यातील एक फट मला विशेष खटकते. आपली कोणती माहिती वापरली गेली हे जाणण्याचा आणि ती दुरुस्त करून घेण्याचा हक्क कलम ११ आणि १२ मध्ये दिलेला आहे, परंतु तो मुख्यतः संमतीवर आधारलेल्या वापरापुरता आहे. लाभासाठी संमतीविना झालेल्या वापरात तो हक्क त्याच ताकदीने मिळत नाही. ज्या माणसाला विचारले गेले नाही, त्यालाच विचारण्याचा हक्क कमी, अशी ही उफराटी मांडणी आहे.

वाहनांच्या नोंदींचा इतिहासही फार आश्वासक नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये घाऊक माहिती विकण्याचे धोरण आणले. व्यापारी संस्थांसाठी वर्षाला तीन कोटी रुपये असा दर होता. त्याच वर्षी जुलैमध्ये संसदेत सांगण्यात आले की ८७ खासगी आणि ३२ सरकारी संस्थांना या नोंदी पाहण्याची सोय दिली असून त्यातून ६५ कोटी रुपये मिळाले आहेत. खासगीपणाच्या धोक्यामुळे जून २०२० मध्ये ते धोरण मागे घेण्यात आले. गाडी नोंदवताना पत्ता आणि मोबाइल क्रमांक देणाऱ्या माणसाने ही माहिती बाजारात जाईल अशी कल्पनाही केली नव्हती.

यादी द्यायची की उत्तर

इतके सगळे असूनही वाहननोंदींचा उपयोग गृहनिर्माण यंत्रणेने करूच नये, असे मी म्हणणार नाही. सर्व काही माहिती कोणत्या रूपात जाते यावर ठरते, आणि याच बाबीवर सार्वजनिक चर्चा सर्वांत कमी होते.

एक रूप म्हणजे घाऊक प्रत : आरटीओने पुणे जिल्ह्यातील वाहनमालकांची फाइल गृहनिर्माण कार्यालयाला देऊन टाकायची. कारकुनाला हे सोयीचे पडते. परंतु ज्यांनी घरासाठी कधी अर्जच केला नाही अशा लाखो लोकांची नावे, पत्ते आणि फोन क्रमांक त्या कार्यालयाच्या संगणकावर येतात; ती फाइल पेन ड्राइव्हवर कोणी घेतली, खासगी सल्लागार संस्थेला कोणी पाठवली, याचा माग राहत नाही; आणि ती ज्या दिवशी दिली त्या दिवसापासून शिळी होऊ लागते. त्यानंतर सहा महिन्यांनी ज्याने गाडी विकून रीतसर नावावरून उतरवली, तो त्या फाइलमध्ये मालकच राहतो.

दुसरे रूप याच्या उलट आहे. गृहनिर्माण कार्यालय फक्त अर्जदारांची आवश्यक ओळख पाठवते आणि आरटीओची प्रणाली प्रत्येकासाठी एक आखूड उत्तर परत देते : खासगी वापराची मोटार नोंद आहे किंवा नाही, आणि असल्यास कोणत्या वर्षाची. गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, विमा, फोन यांतले काहीही बाहेर जात नाही. कोणी, केव्हा, कोणाबद्दल विचारले याची नोंद आपोआप राहते. उत्तर त्या दिवसाचे असते. व्यवसायाची वाहने आणि पंधरा वर्षांपुढची मोडीत निघण्याजोगी वाहने प्रश्न तयार करतानाच वगळता येतात. बँका आणि विमा कंपन्यांच्या कामात अशी सोय रुळलेली आहे, त्यामुळे ती सरकारी कार्यालयांना न जमण्यासारखी नाही. अडचण तंत्राची कमी आणि सवयीची अधिक आहे. ‘सगळी यादी मागवून घ्या, आपण बघू’ हे वाक्य आपल्या कार्यालयांच्या अंगवळणी पडले आहे.

घराचे वाटप झाल्यानंतरच्या कामांसाठीही गाडीची नोंद हवी असते. सोसायटीच्या आवारात महिनोन्महिने धूळ खात पडलेल्या गाडीच्या मालकाला नोटीस पाठवायची असेल तर त्या एका क्रमांकापुरती माहिती मागणे पुरेसे आहे आणि त्यात आक्षेपार्ह काहीच नाही. वाटप झालेले घर मूळ लाभार्थ्याने परस्पर भाड्याने दिले किंवा विकले का, हे त्या पत्त्यावर कोणाच्या गाड्या नोंदलेल्या आहेत यावरून शोधण्याची कल्पना मात्र जपून वापरली पाहिजे. त्या पत्त्यावर भाचा शिकायला राहिला असेल आणि त्याने मोटरसायकल तेथील पत्त्यावर घेतली असेल. एका मोटरसायकलीवरून घर रिकामे करण्याची नोटीस निघू नये.

वाहननोंदींची गोपनीयता आणि सरकारी नोंदींची जुळवणी या दोन्ही प्रश्नांवर अमेरिकेने फार पूर्वी कायदे केले. १९८९ मध्ये एका तरुण अभिनेत्रीचा तिच्या मागावर असलेल्या माणसाने खून केला, आणि तिचा पत्ता कॅलिफोर्नियाच्या वाहन विभागाच्या नोंदींतून गुप्तहेरामार्फत मिळवला गेल्याचे निष्पन्न झाले. त्यातून १९९४ चा वाहनचालक गोपनीयता कायदा आला. त्याने खासगी व्यक्तींना नोंदी देण्यावर बंधने घातली, सरकारी संस्थांना त्यांच्या कामासाठी त्या मिळण्याची मुभा मात्र ठेवली. त्याआधीच, १९८८ मध्ये, केंद्रीय नोंदींच्या संगणकीय जुळवणीसाठी वेगळा कायदा झाला होता. त्यात दोन खात्यांमध्ये लेखी करार असावा, जुळवणीतून निघालेल्या माहितीची स्वतंत्र खातरजमा व्हावी आणि लाभ बंद करण्यापूर्वी व्यक्तीला नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची मुदत, सर्वसाधारणपणे तीस दिवसांची, मिळावी असे लिहिले आहे. आपल्याकडे एवढ्या नेमक्या शब्दांत लिहिलेला जुळवणीचा कायदा नाही. पण नैसर्गिक न्यायाचे तत्त्व आहेच, आणि एसआरएच्या परिशिष्ट-२ वर, म्हणजे पात्र-अपात्र झोपडीधारकांच्या यादीवर, हरकती मागवण्याची पद्धत रूढ आहे. तीच शिस्त वाहनांच्या जुळवणीला लावण्यास नवा कायदा लागत नाही.

अर्जदाराने काय करावे

ज्यांना येत्या काळात घरासाठी अर्ज करायचा आहे त्यांनी आधी आपल्या जुन्या-नव्या गाड्यांची नोंद कोणाच्या नावावर दिसते हे परिवहन सेवेच्या संकेतस्थळावर किंवा एमपरिवहन ॲपवर पाहून घ्यावे. विकलेली गाडी अजून नावावर असेल तर मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० चे काम पूर्ण झाले का, याचा पाठपुरावा घेणाऱ्याकडे करावा. तो सापडत नसेल तर विक्रीचा कागद, पैसे मिळाल्याचा बँकेतील पुरावा आणि आरटीओला दिलेल्या लेखी सूचनेची पोच जपून ठेवावी. भंगारात काढलेल्या गाडीची नोंदणी रद्द करून घ्यावी. कर्ज फिटले असेल तर बोजा उतरवून घ्यावा. यात वेळ जातो आणि संगम पुलाजवळच्या कार्यालयात खेपाही पडू शकतात, परंतु अपात्रतेची नोटीस आल्यानंतर हीच कागदपत्रे आठ दिवसांत गोळा करणे त्याहून कठीण जाते.

नोटीस आलीच तर फोनवर खुलासा करण्यात अर्थ नसतो. कोणत्या नोंदीवरून, कोणत्या तारखेच्या माहितीवरून आणि योजनेच्या कोणत्या अटीखाली ही कारवाई होत आहे, हे लेखी विचारावे, सुनावणी मागावी आणि निर्णय कारणांसह लेखी द्यावा असा आग्रह धरावा. अटच दाखवता आली नाही, तर गाडी खरोखर आपली असली तरी मुद्दा आपल्या बाजूचा असतो.

आणि आपली यादी आरटीओकडे गेली की आरटीओची यादी इकडे आली, हे कळत नसेल तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. महाराष्ट्रात असा अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तेवढ्या जागेत चार गोष्टी सहज मागता येतात : दोन खात्यांमधील पत्रव्यवहाराची किंवा आदेशाची प्रत, देवाणघेवाण झालेल्या माहितीतील रकान्यांची नावे, ती माहिती किती काळ ठेवली जाणार याबाबतचा निर्णय, आणि जुळवणीनंतर किती अर्जदारांना नोटिसा गेल्या व त्यांपैकी किती जण सुनावणीनंतर पात्र ठरले, त्यांची संख्या.